दारातला टीव्ही

निमोण्यात कुणालाही विचारा, गिताबाई कोण. लगेच सांगतील, "ती व्हय? नवऱ्याशी दिसभर भांडती ती." ही माझी आई. आणि ते भांडण नाही. लोकांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं. पण गावाला कान तेवढे आहेत, दोन कानांच्या मधलं काही नाही, त्याला मी तरी काय करू?

मी म्हाळसा, तिची थोरली. दौंडला दिलीय, आमचे मालक रेल्वेत आहेत. क्वार्टरमधल्या बाया माझ्याही आवाजाला नावं ठेवतात. ठेवू देत. आवाज आईकडनं आलाय, आणि आईचा आवाज कसा तयार झाला ते सांगितलं तर त्याच बाया पदराला डोळे पुसत घरी जातील.

आमची मेंढरं होती. दिवाळी झाली की गाव सोडायचं, घोड्यावर संसार लादायचा आणि चारा दिसेल तिकडं चालत राहायचं, ते पाऊस तोंडावर येईस्तोवर. दिवस मावळला की कुणाच्या तरी मोकळ्या रानात तळ पडायचा. मधोमध वाघर लावायची, म्हणजे दोरीची मोठी जाळी, आणि तिच्यात सगळी मेंढरं कोंडायची. जाळीच्या अलीकडं चूल, घोडं, कोंबड्या, आम्ही पोरं आणि आई. पलीकडं आण्णा, म्हणजे आमचे वडील, आणि कुत्रं. लांडगा पलीकडच्या अंगानं यायचा, म्हणून आण्णा पलीकडं.

नवराबायकोनं जवळ बसायचं, हळू आवाजात बोलायचं, असलं आमच्यात नव्हतंच. पोरांसमोर तर नाहीच नाही. मग बोलायचं कसं? मेंढरांच्या डोक्यावरनं. आई इकडनं ओरडायची, आण्णा तिकडनं. कोणत्या मेंढीचा पाय सुजलाय, उद्या कोणत्या वाटंनं जायचं, म्हाळसाला ताप हाय, मीठ संपलंय, तुमची बंडी उसवलीय ती टाका इकडं. मेंढरं मधी कालवा करायची, त्यावर आवाज चढवायला लागायचा. सगळं बोलून झालं की जरा वेळ शांत. मग आई एकदा हाक मारायची, "झोपला का वो?"

तिकडनं आवाज यायचा, "न्हाई. बोल."

एवढं ऐकलं की आम्हा पोरांना झोप यायची. घराला दार असतं, कडी असते. आमच्या घराला ती "न्हाई, बोल" एवढीच कडी होती. त्याच्यापुढं आई काय बोलायची, ते ऐकायला मी कधी जागी राहिले नाही.

पुढं कॅनॉलला पाणी आलं, आमच्या माळावर ज्वारीच्या जागी ऊस दिसायला लागला, आणि चालणं थांबलं. आण्णांनी कळप विकला, चार शेळ्या आणि जीव गुंतलेल्या दोन मेंढ्या तेवढ्या ठेवल्या. माझा धाकटा भाऊ संपत रांजणगावच्या एका कंपनीत लागला. त्यानं विटांचं घर बांधलं, वर स्लॅब, खाली फरशी. आईनं फरशीवरनं हात फिरवून बघितला आणि म्हणाली, "हिच्यावर भाकरी थापली तरी चालंल."

आण्णा पहिल्या दिवशी घरात झोपले आणि उजाडायला अंगणात सापडले. बाज उचलून, शेळ्यांच्या गोठ्यापाशी टाकून, घोंगडं पांघरून पडलेले. "छत अंगावर येतंय," म्हणाले. "हात लांब केला की भिंत लागती. माणसानं श्वास कुठनं घ्यायचा?" संपतनं खिडक्या मोठ्या करून दिल्या, पंखा लावला. काही उपयोग नाही. आयुष्यभर आभाळाखाली झोपलेला माणूस, त्याला तुम्ही पंखा दाखवता!

आईचं उलटं. चुलीच्या धुरानं म्हणा, रानातल्या थंडीनं म्हणा, तिला दमा लागला. शिरूरच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं, रात्रीची उघड्यावर झोपायचं नाही, गार वारं अंगावर घ्यायचं नाही. म्हणून आई आत, आण्णा बाहेर. मधी आता मेंढरं नव्हती, भिंत होती. आणि भिंतीच्या डोक्यावरनं बोलता येत नाही.

त्या हिवाळ्यात आई गप्प झाली. माझी आई! मी माहेरी आले तर घरात नुसतं घड्याळ ऐकू येत होतं. संपत मला म्हणतो कसा, "आक्का, आई आता लय समजूतदार झालीया बघ." मी म्हणलं, तुझं डोकं कंपनीत जमा करून आलास का रे?

पण आई ती आईच. कुणाला काही न विचारता तिनं तिची वाट काढली.

घरात एक जुना रंगीत टीव्ही होता, चाकांच्या लोखंडी ट्रॉलीवर ठेवलेला. एका संध्याकाळी आईनं तो ट्रॉलीसकट ओढत ओढत दारापाशी आणला. वायर पुरेना, तर संपतच्या खोलीतला लांब वायरीचा बोर्ड आणून जोडला. टीव्हीचं तोंड अंगणाकडं केलं. स्वतः उंबऱ्याच्या आतल्या अंगाला पोतं टाकून, घोंगडं डोक्यावरनं घेऊन, पडद्याकडं मान वळवून बसली. बाहेर बाजेवर आण्णा. मधी टीव्ही.

"आवो, बातम्या लागल्यात. बघायच्या असतील तर बघा," आई ओरडली. जणू सगळ्या जगावर उपकार करत होती.

त्या दिवसापासनं रोज संध्याकाळी, जेवायची वेळ होईपर्यंत, दारात टीव्ही. आणि दोघांची तोंडं जी सुटली म्हणता! टीव्हीवर क्रिकेट लागलं की आण्णा म्हणायचे, "काय गवत हाय गं! आन् येक मेंढरू न्हाई. सगळी नुसती चेंडूमागं पळत्यात."

आई म्हणायची, "तुम्हाला बोलवाया पायजे हुतं त्यांनी."

मालिका लागली की आई सांगायची, "ही हिरव्या लुगड्यातली बघा, ही त्या गरीब सुनंला इख घालनार."

"मग तू सांग की त्या सुनंला."

"मी सांगून ऐकती व्हय? तुम्ही ऐकलं कधी?"

तिथनं गाडी घसरायची ती कोणत्या तरी सालच्या कोणत्या तरी तळावर, कोणत्या तरी मेंढीवर जायची. टीव्हीत काय चाललंय ते दोघांनाही ठाऊक नसायचं. जिथं पूर्वी मेंढरं असायची तिथं आता टीव्ही होता, एवढंच. त्याच्या डोक्यावरनं संसार परत सुरू झाला. जेवायची वेळ झाली, टीव्ही बंद केला की आई दार लोटायच्या आधी एकदा विचारायची, "झोपला का वो?" अजून माणूस जेवलाही नाही, झोपतोय कुठं! पण आण्णा म्हणायचे, "न्हाई. बोल."

माझा जीव भांड्यात पडला. दौंडला निर्धास्त राहायला लागले.

हे सगळं संपतला माहीत नव्हतं. कसं असणार? त्याला दुसरी पाळी असायची. दुपारी कंपनीची बस पकडायचा, यायचा तेव्हा सगळं सामसूम. पहिली पाळी असली तर संध्याकाळी मेल्यासारखा झोपायचा. पडायच्या आधी त्याला दिसायचं ते इतकंच, की आई रोज ती जड ट्रॉली ओढते आणि ओढून झाली की धापा टाकते. घरभर वायरी पसरलेल्या असतात. आणि त्याची पोर प्राची, नुकती चालायला लागलेली, वायर दिसली की तोंडात घालायला धावते. एकदा तर तिनं पिन ओढली तेव्हा सोनमच्या, म्हणजे आमच्या भावजयीच्या, हातातलं दुधाचं पातेलं पडलं होतं. पोरीचं काय चुकीचं होतं? काही नाही. संपतचंही काही चुकीचं नव्हतं. तेच तर अवघड असतं. वाईट वागणाऱ्याला शिव्या देता येतात, भलं करणाऱ्याला काय द्यायचं?

दोन हजार आठच्या दिवाळीला त्यानं नवा पातळ टीव्ही आणला. भिंतीवर लावायचा. त्याच्या कंपनीतला नागसेन, इलेक्ट्रिकचं काम बघणारा, शिरूरला राहतो, फार सरळ माणूस, तो सुट्टीच्या दिवशी मशीन घेऊन आला. दोघांनी मिळून जागा ठरवली: दाराच्याच भिंतीवर, दाराच्या बाजूला, आईच्या खाटेच्या बरोब्बर समोर. स्टँड घेतला भिंतीला चिकटून बसणारा, जराही न हलणारा. नागसेननं भिंतीला खाच मारून आत पाइप घातला, सगळ्या वायरी पाइपातनं घेतल्या, वरनं सिमेंट, वरनं रंग. वायरीचं नखसुद्धा दिसेना. जुना टीव्ही दुकानात बदलीत गेला. ट्रॉली गेली गोठ्यात, तिच्यावर कोंबड्या बसायला लागल्या.

मी भाऊबीजेला आले तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. संपतनं मला चहासुद्धा पिऊ दिला नाही. "आक्का, आधी हिकडं बघ. आता आईनं खाटंवर पडायचं आन् रिमोट दाबायचा. वढायचं न्हाई, वाकायचं न्हाई. वायर दिसती का कुठं? दाखव बरं!"

मी भिंतीकडं बघितलं. टीव्ही देखणा होता, खोटं कशाला बोलू. मग मी दारातनं बाहेर बघितलं. आण्णांची बाज जिथं असायची तिथं होती. आणि त्या बाजेकडं आता टीव्हीची पाठ होती. तीही विटांच्या भिंतीआड.

"आई कुठंय?" मी विचारलं.

आई मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. निवडलेलेच परत निवडत होती. मी म्हणलं, "आये, टीव्ही बरा हाय का?"

"बरा हाय की," ती म्हणाली. हळू आवाजात. "संपतनं लय खर्च केला. मोठं चित्र दिसतंय."

"मग?"

"मग काय? तू चहा घेतला का?"

आता बघा. ही बाई बाजारात भाजीवाल्याला रडवते. ग्रामसेवकाला तिनं एकदा रस्त्यात उभं करून झापलंय. पण "मला माझ्या नवऱ्यासंगं बसायचंय" हे वाक्य तिच्या तोंडातनं मेली तरी निघणार नव्हतं. मुलाला सांगायचं? सुनेला? शी! शरमेनं जीव जायचा तिचा. आमच्यातल्या त्या वयाच्या बायांना सगळं बोलता येतं, तेवढं एक सोडून.

सोनम माझ्या मागं मागं आली. शिरूर गावातली पोरगी, मनानं चांगली, जरा घाबरट. दाराआड मला म्हणाली, "आक्का, आत्या नीट जेवत न्हाईत. टीव्ही लावून देते तर बघतात, पन बघतात म्हंजी नुसत्या बघतात. माझं काय चुकलं का?"

"तुझं काही चुकलं नाही गं," मी म्हणलं. "संध्याकाळ होऊ दे."

संध्याकाळ झाली. सोनमनं टीव्ही लावला. आई खाटेवर बसली, दोन्ही हात मांडीवर, डॉक्टरकडं बसतात तशी. आवाज कमी, कारण प्राची झोपायला आली होती. दार गार वाऱ्यामुळं लोटलेलं. कुणी कुणाशी बोलेना. आणि मग दार वाजलं, आणि आण्णा आत आले.

चपला बाहेर काढून, फेटा नीट करून, पाहुण्याच्या घरी जावं तसे आले. घरात जेवायला यायचे ते स्वयंपाकघराच्या दारानं, जेवून लगेच बाहेर. पुढच्या खोलीत त्यांना बसलेलं मी त्या घरात कधी बघितलं नव्हतं. संपत खूश झाला. "या आण्णा, या! खुर्ची घ्या. बघा कसं दिसतंय!"

आण्णांनी खुर्ची घेतली नाही. दाराच्या अगदी जवळ, भिंतीला पाठ लावून, खाली फरशीवर बसले. म्हणजे कुठं? टीव्हीच्या बरोब्बर खाली. तिथनं टीव्ही दिसणं शक्यच नव्हतं.

संपत हसला. "आण्णा, आवो तिथनं काय दिसनार? हिकडं या, समोर."

"हितनं दिसतंय," आण्णा म्हणाले.

आणि दिसतच होतं. त्यांच्या समोर खाटेवर आई होती. टीव्हीचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. ते तिच्याकडं बघत होते.

मी बघत होते दोघांकडंही. आण्णांच्या कपाळावर घाम आला. हिवाळ्याचे दिवस, आणि फेट्याखालनं घामाच्या धारा. त्यांनी एकदा छताकडं बघितलं, मग खाली बघितलं. एक हात दाराच्या फळीवर ठेवून होते, सोडेनात. छाती वरखाली व्हायला लागली. दमा आईला आहे की आण्णांना, ओळखू येऊ नये. तरी उठले नाहीत. काही बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण टीव्हीतली माणसं बोलत होती आणि संपत आवाज कसा वाढवायचा ते दाखवत होता.

आईला सगळं दिसत होतं. ती एकदम खेकसली, "उठा. शेळ्या वरडत्यात."

एकही शेळी ओरडत नव्हती.

"व्हय, वरडत्यात," आण्णा म्हणाले. उठले, चपला घातल्या आणि गेले. दार लोटल्याचा आवाज झाला. आईनं रिमोट सोनमच्या हातात दिला, "बंद कर बाई, डोळं दुखत्यात," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. "झोपला का वो" त्या दिवशी कुणी कुणाला विचारलं नाही.

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. संपतला धरून मागच्या पडवीत नेला.

"तुझी ती भिंत फोड," मी म्हणलं.

"काय?"

"भिंत फोड नाहीतर टीव्ही काढ. काहीही कर. पण तो दाराकडं वळला पाहिजे."

"आक्का, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? परवा तर रंग मारलाय!"

"तुझ्या रंगात तुलाच बुचकळून काढीन. रोज संध्याकाळी आई टीव्ही दारात का न्यायची, सांग बघू."

"हवेला."

"हवेला! दम्याची बाई हवेला दारात बसते? संपत, अरे, तुझी आई आणि तुझा बाप त्या टीव्हीच्या निमित्तानं बोलत होते रे. आपल्या तळावर बोलायचे तसे. एवढीच एक जागा उरली होती त्यांना. ती तू सिमेंट भरून बुजवलीस."

हे बोलताना माझेही कान लाल झाले. आईबापाचं असलं काही भावाला सांगायचं म्हणजे! पण कुणीतरी बोलायला पाहिजे होतं. संपत म्हणाला, "पन आई मला बोलली का न्हाई?"

"काय बोलेल ती? तू असतास तर बोलला असतास?"

"न्हाई," तो म्हणाला. आणि पडवीच्या पायरीवर बसून माझा भाऊ, दोन पाळ्यांचं काम एकट्यानं ओढणारा गडी, लहान पोरासारखा रडला. "मी तिच्या दम्यापायी केलं गं."

"माहीत आहे रे," मी म्हणलं आणि त्याच्या पाठीवरनं हात फिरवला. तेवढ्यात सोनम आली. तिनं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "आवो, नागसेनभाऊंना फोन लावा. हातावर फिरनारा स्टँड असतो, आमच्या माहेरी शेजारच्या डॉक्टरकडं हाय. वढला की भाईर येतो, पायजे तिकडं वळतो." मी पोरीला घाबरट म्हणलं होतं ना? शब्द परत घेते.

दुसऱ्या दिवशी मी आणि संपत शिरूरला गेलो. नागसेन दुकानात आधीच येऊन थांबला होता. दुकानदारानं स्टँड मांडले: एक चिकटून बसणारा, एक नुसती मान खाली घालणारा, आणि एक हाताचा, कोपरात आणि मनगटात वाकणारा. मी तो हाताचा धरून मागं पुढं ओढून बघितला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, घरी कोण फिरवणार हे? लोक सरळच नेतात."

मी म्हणलं, "आमच्याकडं फिरवणारं माणूस आहे. तुम्ही बांधून द्या."

नागसेनला मात्र वाईट वाटलं. त्यानं ती वायर लपवायला फार मेहनत घेतली होती. म्हणाला, "ताई, दाराशेजारच्या बाजूच्या भिंतीवर लावू. बोर्डापासनं तिथपर्यंत परत पाइपातनं नेतो. पण हात पुढं ओढायचा म्हणजे शेवटाला वायर ढिली सोडायला लागणार. ती लोंबणार. दिसणार. आणि प्राचीसाठी उंच लावायचा, तर आईंचा हात कसा पुरणार?"

"लाव तू," मी म्हणलं. "बघू पुढचं पुढं."

त्यानं लावला. जुन्या जागी भिंतीवर चार भोकं आणि सिमेंटचा पट्टा राहिला, राहू दे. नव्या जागी टीव्ही भिंतीशी मिटून बसायचा आणि ओढला की दाराकडं तोंड करायचा. पण वायरींचा एक झुपका खाली लोंबत होता, अगदी घाण दिसत होता, आणि प्राची त्याच्याकडं बघून टाळ्या वाजवत होती.

आण्णा अंगणात बसून मशीनचा आवाज ऐकत होते. काय चाललंय ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते दारात आले. टीव्ही ओढून दाराकडं वळवलेला होता. त्यांनी आधी टीव्हीकडं बघितलं, मग मागं वळून आपल्या बाजेकडं. परत गेले. गोठ्यातनं टकळी आणि काळ्या लोकरीचं गाठोडं काढलं आणि बाजेवर बसून सूत काढायला लागले. कळप विकल्यापासनं त्या माणसानं टकळीला हात लावला नव्हता.

बराच वेळ सूत काढत होते, पीळ देत होते. दुपार टळल्यावर आत आले, कपाळाला घाम फुटला तरी आत उभे राहिले, आणि त्या लोंबणाऱ्या वायरींवर पहिल्यापासनं शेवटपर्यंत काळी लोकर गुंडाळली, घट्ट, वाघरीच्या दोरीला गुंडाळतात तशी. वायर कुठली आणि लोकर कुठली कळेना. वर नेऊन स्टँडच्या हाताच्या आड बांधून टाकली, पोरीला पुरू नये म्हणून. मग एक वेगळी दोरी वळली, म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात असायची तसली, आणि ती टीव्हीच्या कडेला बांधली. तिचं टोक उंबऱ्याच्या आत, जिथं आई पोतं टाकून बसायची, तिथल्या खिळ्याला अडकवलं.

नागसेन बघत उभा होता. "आण्णा, हे काय केलंत?"

"तिला वर हात करून दम लागतो," आण्णा म्हणाले. "बसल्या जागी वढंल."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. बघते तर लाजत होती. सत्तरीला आलेली बाई हो!

संध्याकाळी संपतनं पाळी बदलून घेतली होती, तो घरीच होता. आम्ही तिघं, मी, तो आणि सोनम, स्वयंपाकघरात बसलो, मुद्दाम. आईनं पोतं टाकलं, घोंगडं घेतलं, खिळ्यावरची दोरी काढली आणि ओढली. टीव्ही दोरीमागं मुकाट आला आणि दाराकडं तोंड करून उभा राहिला.

"आवो," आईनं हाक मारली, "बघायचं असंल तर बघा."

"काय लागलंय?"

"ते तुमचं गवत लागलंय."

क्रिकेट होतं. मग सुरू झालं. गवतावरनं ऊस, उसावरनं पाटसचा कारखाना, कारखान्यावरनं एकदा त्या रस्त्यावर मेंढरू गाडीखाली आलं होतं ते, त्यावरनं चूक कुणाची होती ते. आवाज चढले. शेजारची कुशाबाई कुंपणावरनं ओरडली, "गिताबाय, भांडान का करता गं?" आई म्हणाली, "तुला काय करायचंय!" सोनमनं माझ्या हातावर हात ठेवला, आणि भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन बसून राहिली. संपत तोंड उघडं टाकून ऐकत होता. आपल्याच घरात इतके दिवस काय चालत होतं ते त्या बिचाऱ्याला पहिल्यांदा ऐकू येत होतं.

आणि लाइट गेली. टीव्ही गेला, दिवे गेले, गाव सगळं गुडुप. संपत सवयीनं मेणबत्ती शोधायला उठला. मी त्याचा शर्ट धरून खाली बसवला. "गप बस."

अंगणात अंधार, घरात अंधार. गोठ्यात एक मेंढी हलली. दोघंही बोलायचं थांबले होते. मग आईचा आवाज आला, पूर्वी जाळीच्या अलीकडनं यायचा तसाच.

"झोपला का वो?"

"न्हाई. बोल."

संपतनं माझा हात घट्ट धरला. आम्ही दोघंही एवढ्यावरच झोपी जायचो, लहानपणी. त्यापुढचं कधी ऐकलं नव्हतं. आज जागे होतो.

"काय न्हाई," आई म्हणाली. "हायसा का, बघितलं."

"हाय की," आण्णा म्हणाले.